बिनविरोध आजारी

आमच्या गावात माणूस आजारी पडला की त्याला दोन गोष्टी लगेच मिळतात. बाज आणि शहाळं. बाज घरचे अंगाखाली घालतात, शहाळं भेटायला येणारे आणतात, आणि एकदा ही दोन्ही मिळाली की त्या माणसाने उठायचं नाही, असा न लिहिलेला कायदा आहे. नाथाजीला गावाने तिसरी गोष्टही दिली. त्याला विकास सोसायटीचा चेअरमन केला.

परगावचा माणूस हे ऐकून म्हणेल, काय मोठ्या मनाचं गाव आहे! आहेच. उंब्रजवरून आत वळलं की आमचं गाव लागतं. कधी या, मोठं मन दाखवतो. मी तानाजी, गाव मला आबा म्हणतं, एस.टी.त कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. प्रवासी पायरी कशी चढतो यावरून तो तिकीट काढणार की नाही, हे मला दारातच कळायचं. त्यामुळे गावाचं मोठं मन मी जरा बाजूला उभा राहून बघतो.

नाथाजी माझा शेजारी, आणि धंद्याने गुळव्या. म्हणजे गुऱ्हाळावर रस कधी आटला आणि काहील, म्हणजे रसाची ती मोठी कढई, कधी उतरायची, हे ठरवणारा माणूस. रसाचा फेस बघून तो नुसती मान हलवायचा, की गडी काहिलीला भिडायचे, आणि सगळ्यांत पुढे तोच असायचा. दंड असे, की सदरा शिवताना शिंप्याला बाह्या वेगळ्या मोजायला लागायच्या. कंबर दुखली की औषधाच्या दुकानातून गोळी घ्यायचा, आणि नाही दुखली तरी उद्या दुखेल म्हणून घ्यायचा. रक्तदाब असल्याचं त्याला एका शिबिरात कळलं होतं, पण शिबिरात फुकट मिळालेली गोष्ट आपण कुठे मनावर घेतो? अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा पायांवर सूज आली, घास गिळेना, आणि कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आता आठवड्यातून दोनदा यंत्राशेजारी पडून रक्त धुऊन घ्यायचं. डायलिसिस.

सोसायटीची निवडणूक नुकतीच झाली होती. संचालक निम्मे नानासोच्या गटाचे, निम्मे जालिंदरच्या गटाचे, आणि मधे एकटा नाथाजी, कारण त्याने दोघांच्याही उसाचा गूळ केलेला. चेअरमन कुणी व्हायचं यावरून दोन्ही गट असे अडून बसले, की सोसायटीचं कुलूप उघडेना. आणि मग एका संध्याकाळी नानासो आणि जालिंदर, जे एकमेकांच्या भावकीतल्या मयतालाही वेगवेगळ्या वाटेने जातात, ते एकाच मोटारसायकलवरून नाथाजीच्या दारात उतरले. शहाळी मात्र दोन होती, ज्याचं त्याचं वेगळं.

"आण्णा, गावाची इच्छा हाय," नानासो म्हणाला. "तुमी चेअरमन. बिनविरोध."

"तुमी नुसतं बसायचं," जालिंदर म्हणाला. "बाकी आमी हाय की."

नाथाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या बायकोच्या, मनुबाईच्याही आलं. माझ्या आलं नाही, कारण दोघं निघाले तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. "वरीसभर काढंल का रं?" असं नानासोने विचारलं आणि जालिंदर म्हणाला, "लय झालं तर." तेवढ्या वेळात समोरच्याचे एकदोन संचालक फोडायचे आणि जागा मोकळी झाली की आपला माणूस बसवायचा, असा हिशोब दोघांनीही मनात घातला होता. जिवंतपणी मान दिल्याचं पुण्य वर मोफत.

मनुबाईला राजकारण कळत नव्हतं. तिला नवरा हवा होता. त्याला वाचवायचा तिने चंग बांधला, म्हणजे काय केलं, तर त्याला हलूच दिलं नाही. चहा बाजेवर, जेवण बाजेवर, दाढी बाजेवर. मोरीपर्यंत जायचं तर एका दंडाला ती आणि दुसऱ्या दंडाला मी. डाव्या हाताला डायलिसिससाठी शीर जोडलेली होती. तिथे बोट ठेवलं की आत गुरगुर लागायची. तो हात कुणी ओढायचा नाही, दाबायचा नाही, असं दवाखान्यात बजावलेलं, म्हणून ती बाजू मनुबाईची. शहाळंही द्यायचं नाही, त्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडेल, असं बजावलेलं. पण आणणाऱ्याला परत कसं पाठवायचं? ती सगळी शहाळी मी प्यायलो, शेजारधर्म म्हणून. मला साखर आहे, याची त्या काळात कुणाला आठवण झाली नाही.

आणि ती नुसती सेवा करून थांबली नाही. डॉक्टरांनी किडनी बदलण्याचा विषय काढला तेव्हा "माजी एक घ्या की," म्हणून मोकळी झाली. शेजारणीला वाटीभर पीठ उसनं द्यावं इतक्या सहज. तपासण्या झाल्या, जुळलं, आणि आम्ही तिघं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सर्जनने फाईल मिटली, नाथाजीला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "हात छातीवर घ्या आणि उठा."

नाथाजी उठेना. पुढे झुकला आणि मागे पडला. पुन्हा झुकला, पुन्हा पडला. मग सवयीने दोन्ही हात बाजूला पसरून, कुणीतरी धरेल म्हणून वाट बघत बसला. मला त्याच्याकडे बघवेना. काहिलीला भिडणारा माणूस तो, आणि लहान पोर उचलून घे म्हणतं तसे हात पसरून बसलेला.

"बाईंची किडनी उत्तम आहे," सर्जन म्हणाला. "पण ऑपरेशन सोसायला यांच्या अंगात ताकद नाही. चार महिन्यांनी या. हात न टेकता उठता आलं आणि जरा चालता आलं, तर करू. नाहीतर मी धोका पत्करणार नाही."

परतताना गाडीत मनुबाई नवऱ्याला म्हणाली, "ऐकलं न्हवं? अंगात ताकद न्हाई तुमच्या. आता घरी गेल्यावर पाय खाली ठिवायचा न्हाई."

आमच्या भागाला आकड्यांचा फार नाद. उसाचा उतारा किती, कारखान्याची पहिली उचल किती, हे इथे शेंबडं पोरही सांगतं. त्यात आता नाथाजीच्या क्रिएटिनिनची भर पडली. रक्तातली ही घाण किडनीने बाहेर टाकायची असते आणि किडनी बसली की आकडा चढतो, एवढी डॉक्टरकी पारावर सगळ्यांची झाली होती. नाथाजीचा आकडा सुरुवातीला अकरा होता. तो नऊवर आला. मग आठवर. पुण्याहून आल्यावर आणखी खाली, सातावर. मनुबाईने बायाबापड्यांना बोलावून गूळ-खोबरं वाटलं.

पारावर सुतक पडलं. नानासो माझ्या ओट्यावर येऊन बसला. "आबा, ह्यो बरा हुतोय का काय?" त्याने विचारलं, आणि आवाजात एवढी काळजी होती की न जाणणाऱ्याला गहिवर आला असता. तो गेल्यावर जालिंदर आला. त्यालाही तेच विचारायचं होतं. दोघांना एकत्र यायला काय झालं होतं, माझा चहा तरी वाचला असता.

पुढच्या डायलिसिसला मनुबाई गूळ-खोबऱ्याची पुडी घेऊनच कराडला आली. तिथे शिवांजली नावाची एक मुलगी नव्याने लागली होती, रोग्यांना व्यायाम देणारी. तिने पुडी घेतली, आनंदाचं कारण ऐकलं आणि नाथाजीच्या मांडीभोवती दोन्ही हातांची पकड घातली. पकड जवळजवळ पुरली.

"मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "हा आकडा किडनीने खाली आणलेला नाही. क्रिएटिनिन तयार होतं ते आपल्या स्नायूंत, मांसात. मांसच झिजलं तर ते येणार कुठून? काकांची मांडी गेली, म्हणून आकडा उतरला."

मग त्या मुलीने समजावून सांगितलं. किडनी गेली की रक्तात आम्ल साचतं, अंगात आतल्या आत दाह चालू राहतो, खाणं उतरतं, आणि स्नायूंच्या आत जिथे शक्ती तयार होते तिथलं काम मंदावतं. मग शरीर आपलंच मांस मोडून वापरायला लागतं. त्यात माणूस पडून राहिला, तर स्नायूचा काही उपयोगच उरत नाही, आणि शरीर तो आणखी भराभर मोडतं. झेपेल एवढा व्यायाम रोज केला आणि डायलिसिसवर लागतं तेवढं प्रथिन खाल्लं, तर हे मोडणं कमी होतं, नवं बांधणं सुरू होतं आणि शक्ती पुन्हा तयार व्हायला लागते. "किडनी बरी होणार नाही याने," ती म्हणाली. "खोटी आशा देत नाही. पण मांस वाचेल. आणि तुम्हाला ऑपरेशनसाठी तेच हवंय."

नाथाजी इतका वेळ छताकडे बघत होता. तो म्हणाला, "म्हंजे जाळायचं चिपाड संपल्यावर मांडवाचं वासं काढून चुलवाणात घालावं, तसंच की. एकदा पावसानं चिपाड भिजलं तवा आमी घातलंवतं. गूळ झाला. मांडव बसला."

मनुबाई उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेलो, तर पायरीवर बसून रडत होती. "आवं आबा," ती म्हणाली, "वासं म्याच की वं काढून दिलं." हिने जीव टाकून केलं होतं, आणि जे केलं तेच नवऱ्याला खात होतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, पण कुणाचा ते नीट ठरवता येईना. गूळ-खोबरं मीही खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने बाज अंगणात नेऊन उभी करून ठेवली. दिवसा बाज बंद.

मी शाळेतली एक भंगारात काढलेली लाकडी खुर्ची आणली. तिच्यावर उशा रचल्या, म्हणजे बसायची जागा उंच झाली आणि उठणं सोपं. हात छातीवर घ्यायचे, पुढे झुकायचं, उठायचं, सावकाश बसायचं. जमायला लागलं की एक उशी काढायची. दवाखान्यात डायलिसिस चालू असताना शिवांजली त्याच्या पायांशी सायकलचे पायडल बांधून द्यायची आणि रक्तदाब बघत शेजारी उभी राहायची. जेवणात अंड्याचं पांढरं वाढलं. माळकरी मनुबाईने ती अंडी उकडली, हे मी मुद्दाम सांगतो, कारण किडनी देण्यापेक्षा तिला ते जड गेलं.

त्याहून जड एकच होतं. नाथाजी उठताना लटपटला की तिचे हात आपोआप पुढे जायचे. मग तिने त्यावर उपाय काढला. तो उठायला लागला की ती आपलाच पदर दोन्ही मुठींत घट्ट धरून उभी राहायची. तोंडाने मात्र सैल. "आवं उठा की, काहील काय तुमचा बा उतरवत हुता?"

सगळं सरळ झालं असं नाही. डायलिसिसहून आला की एखाद्या दिवशी त्याचा रक्तदाब पडायचा आणि तो भुईवर सतरंजी टाकून निपचित पडायचा. एकदा उशी काढली म्हणून त्याने तीच उशी माझ्या तोंडावर फेकून मारली आणि म्हणाला, "तुजी किडनी गेल्यावर कळंल तुला." मी म्हटलं, फेकतोस म्हणजे दंडात जोर आलाय. तो आणखी चिडला.

गावाला हे बघवेना. दुखण्याच्या माणसाला बैठका मारायला लावते म्हणजे बाईच्या मनात आहे तरी काय, अशी कुजबुज झाली. जी तोंडं वर्षभर त्याच्या बाजेच्या कडेला बसून चहा पीत होती, त्यांना आता बसायला बाज नव्हती. हेही दुःख मोठंच.

आणि मग नवा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन वाढलं होतं. सातावरून पुन्हा नऊकडे.

मनुबाई कागद हातात घेऊन हसली आणि शेजारणी चरकल्या. पारावर मात्र एकदम उत्साह. नानासो शहाळं घेऊन आला आणि मोठ्या मायेने म्हणाला, "वैनी, करू द्या आण्णास्नी व्यायाम. मन रमतंय त्येंचं." जालिंदरने एक पाऊल पुढे टाकलं. त्याने नाथाजीला चालायला नवे कोरे कॅनव्हासचे बूट पाठवले. बिचाऱ्याची शेवटची हौस! ज्यांना तो मरायला हवा होता, ते त्याच्या तालमीचे आश्रयदाते झाले. आकडा का वाढला हे मी त्यांना सांगू शकत होतो. नाही सांगितलं. बूट चांगले होते.

सोसायटीची वार्षिक सभा मारुतीच्या सभामंडपात भरली. दोघांचंही समोरच्याचे संचालक फोडून झालं होतं, आणि दोघांचीही समजूत अशी की फोडलेले फक्त आपल्याकडे आले आहेत. नाथाजी मधल्या खुर्चीत. ही खुर्ची बिनहातांची, नेमकी घरच्यासारखी, आणि तिच्यावर एकही उशी नव्हती. अहवाल वाचून झाला, मंजूर मंजूर झालं, आणि जालिंदर माईकसमोर आला.

"आण्णांनी येवड्या दुखण्यात सोसायटी सांबाळली," तो म्हणाला. "आता त्येंनी विश्रांती घ्यावी, अशी समद्यांची इच्छा हाय. तवा त्येंचा सत्कार करूया."

सत्कार म्हणजे उभं राहणं आलं. उजवीकडून जालिंदर आणि डावीकडून नानासो, दोघांचे हात दंडाखाली जायला निघाले. नानासोचा हात जाणार होता तो नेमका त्या जोडलेल्या शिरेवर.

"हात लावू नका!"

बायकांच्या बाजूने आवाज आला. आमच्या सभेत बाईचा आवाज ऐकायची कुणाला सवय नाही, त्यामुळे माईकसुद्धा शिट्टी मारून गप्प झाला. नानासोचा हात तसाच अधांतरी राहिला. मनुबाई उभी होती आणि तिचा पदर दोन्ही मुठींत होता.

नाथाजीने हात छातीवर घेतले. पुढे झुकला, आणि मागे पडला. मागे कुणीतरी च्‌च्‌ केलं. गाव वाट बघत होतं तो क्षण हाच, आणि पुण्याचा सर्जनही याच क्षणाची वाट बघत होता, फक्त दुसऱ्या कारणासाठी. नाथाजीने पाय जरा मागे घेतले, शिवांजलीने शिकवलं होतं तसे, श्वास घेतला आणि उठला. मांड्या थरथरत होत्या ते धोतरावरून दिसत होतं. पण तो उभा होता आणि त्याला कुणी धरलेलं नव्हतं. टाळी एकही वाजली नाही.

"विश्रांती लय झाली," तो म्हणाला. "तिनंच मराय लागलोवतो. परवा पुण्यात डाक्टरम्होरं असंच उठायचं हाय. म्हटलं, आधी हितं उठून बगावं." मग त्याने मागच्या खुर्चीकडे एकदा बघितलं. "ही घ्या तुमाला. मी संचालकपन बी सोडलं. मला आता बसायला सवड न्हाई."

जिवंत माणूस जागा अशी उभ्या उभ्या सोडेल, याची तयारी कुणीच केली नव्हती. तिथल्या तिथे फोडलेले संचालक मोजायला घेतले, तर प्रत्येकजण दोन्हीकडे मोजलेला निघाला, आणि भांडण जुंपलं. आम्ही तिघं निघालो. नाथाजी जालिंदरचे बूट घालून घरापर्यंत चालत आला. वाटेत दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर बसला, आणि दोन्ही वेळा आपला आपण उठला.

पुण्यात तो सर्जनसमोर उठला, बसला, पुन्हा उठला. मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आला. सर्जन समाधानाने मान हलवून कागदावर सही करायला लागला, आणि त्याचं लक्ष कोपऱ्यात उभ्या मनुबाईकडे गेलं.

"बाई," तो म्हणाला, "झालं. पदर सोडा आता."

तिने मुठी उघडल्या. लुगड्याचा काठ पार चुरगळून गेला होता, आणि ती तो हाताने सारखा करत राहिली. नाथाजी तिच्याकडे बघत होता. मी बाहेर चहा प्यायला गेलो, कारण आत माझं काही काम नव्हतं, आणि डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

ऑपरेशन होऊन आता वर्ष होत आलं. किडनी चालते. नाथाजी सकाळी ओढ्यापर्यंत जाऊन येतो, गोळ्या वेळेवर घेतो, आणि मनुबाई एका किडनीवर पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलते. भंगारातली खुर्ची अजून त्यांच्या पडवीत आहे.

सोसायटीचं म्हणाल, तर कुलूप. दोन्ही गट पुन्हा निम्मे निम्मे.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. एक मोटारसायकल येऊन थांबली. पुढे नानासो, मागे जालिंदर. उतरून दोघांनी पिशवीतून एकेक शहाळं काढलं.

"आबा, साकर कशी हाय?" नानासोने मायेने विचारलं.

"लय थकल्यासारकं दिसताय," जालिंदर म्हणाला. "आण्णांच्या जागी तुमाला घ्यावं म्हंतोय. बिनविरोध. तुमी नुसतं बसायचं."

भिंतीपलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला. "आबा," मनुबाई ओरडली, "उठा!"

मी हात छातीवर घेतले, पाय मागे घेतले आणि उठलो. गुडघा वाजला, पण उठलो. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि शहाळी परत पिशवीत घातली.